निरगाठ

गॅसचं बटण बंद आहे ना, हे फुमियोने सकाळपासून तिसऱ्यांदा दाबून पाहिलं.

"अगं आई, शेगडी अजून एकदाही पेटलेली नाही," चिनात्सु ताटल्या पुसता पुसता म्हणाली. "न पेटलेली शेगडी किती वेळा विझवशील?"

पोरगी बावीस वर्षांची झालेली, नागोयाला नोकरीला, तेव्हा ती बोलणारच. आणि खोटं काहीच बोलत नव्हती. नव्या घरात येऊन चार दिवस झाले होते. भात विजेच्या कुकरवर, सोबाच्या शेवया कोपऱ्यावरच्या दुकानातून, गरम पाणी विजेच्या थर्मासात. इइदा गावाची थंडी नोव्हेंबरातच हाडांत शिरते, पण या घरात रॉकेलचा स्टोव्ह येणार नाही, असं फुमियोने तात्सुओला बजावून ठेवलं होतं. तात्सुओने मान डोलावली. नवरा म्हणून तो चांगला होता, फक्त बोलणं हा त्याचा प्रांत नव्हता.

चौदा वर्षांपूर्वीच्या जानेवारीत सेकिजिमांचं घर आणि घराला लागून असलेला कारखाना एका रात्रीत जळून गेला. भेटवस्तूंवर बांधायच्या कागदी दोऱ्या, मिझुहिकी, वळायचा तो कारखाना तीन पिढ्यांचा. आग लागली ती दोऱ्या वाळवायच्या खोलीत, आणि त्या खोलीतून संध्याकाळी शेवटी बाहेर पडली होती धाकटी सून, फुमियो. झालं. कुणी भांडलं नाही, कुणी तोंडावर बोललं नाही. मंडळी नुसती "त्या वेळी" एवढं म्हणून थांबायची आणि सगळ्यांच्या नजरा फुमियोकडे वळायच्या. सासरे त्याच वसंतात गेले, त्याचंही खापर तिच्याच डोक्यावर फुटलं. आणि सासूबाई मूग गिळून बसल्या. त्यांनी तिला दोष दिला नाही आणि सोडवलंही नाही.

"मी स्टोव्ह विझवला होता," हे फुमियोने पहिल्या वर्षी चारदा सांगून पाहिलं. दुसऱ्या वर्षी एकदा. पुढे तिला स्वतःलाच ते आठवेनासं झालं. बटण फिरवलं होतं की फिरवायचं मनात आलं होतं, हे रात्र रात्र जागून आठवलं तरी ठरेना. तेव्हापासून हा बटण दाबून पाहायचा चाळा लागला.

त्यानंतर तिने भाड्याच्या दोन खोल्यांत बसून गाठी बांधल्या. लग्नाच्या आहेरावरचे करकोचे, कासवं, पाइनच्या फांद्या. क्योतोचे दुकानदार आता नाव घेऊन तिच्याच हातचं काम मागत. हे घर त्या बोटांनी उभं केलं होतं. आज पंचांगात सगळ्यात शुभ दिवस, म्हणून घरची मंडळी बोलावली होती. बाकी कुणी काय म्हणेल ते म्हणो, सासूबाईंनी एकदा या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकावं, आणि आज तरी कुणी "त्या वेळी" म्हणू नये, एवढंच तिला हवं होतं. ती स्वतः जाऊन आमंत्रण देऊन आली होती. सासूबाई म्हणाल्या होत्या, "बघते."

अकराला गाडी वाजली. मोठे दीर शिगेकाझु आणि जाऊ मासाए उतरले. मागची सीट रिकामी होती.

"आई टॅक्सीने येताहेत," मासाए चपला काढत म्हणाली. "आमच्या गाडीत बसायला नको म्हणाल्या. सकाळपासून खोलीचं दार लावून बसल्यात. आता या वयात कोण विचारणार, काय चाललंय म्हणून."

"येतील ना पण?" फुमियोने विचारलं.

"टॅक्सी बोलावली आहे खरी."

रीतिरिवाजात मासाएचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. दारातल्या दारात भेट कोंबणं ही गावंढळांची पद्धत, असं ती म्हणायची. ती सरळ आत आली, चटईवर बसली, हात टेकून नमस्कार केला, मग रेशमी रुमालाची गाठ सोडली, खोकं बाहेर काढलं, रुमालाची घडी घातली, खोक्याचं तोंड फुमियोकडे वळवलं आणि दोन्ही हातांनी पुढे सरकवलं. पांढऱ्या कागदावर लाल-पांढऱ्या दोरीची देखणी सुरगाठ होती.

"अगदीच क्षुल्लक आहे हं," मासाए म्हणाली. "देणाऱ्यासमोर उघडायची आपल्यात रीत नाही, तेव्हा राहू दे. पण सांगून ठेवते, आग विझवायचं नळकांडं आहे. मुद्दाम पांढरं मागवलं. लाल रंग नव्या घराला चालत नाही ना."

स्वयंपाकघरात चिनात्सुच्या हातातली ताटली वाजली.

खरं सांगायचं तर बोट ठेवायला कुठे जागाच नव्हती. नव्या घराला लायटर द्यायचा नाही, ॲशट्रे नाही, मेणबत्ती नाही, चूल-शेगडीवरचं काही नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल, कारण त्याने घराकडे आग बोलावली जाते. मासाएने आणलेली वस्तू तर आगीच्या उलट. कागद योग्य, रंग योग्य, दिवस योग्य. टोचलं तरी ओरडायची सोय नाही, असा तो टाका होता.

"उपयोगी वस्तू आहे," शिगेकाझु छताकडे बघत म्हणाला. हे वाक्य त्याला गाडीत पढवलेलं असणार.

"आणि गाठ बघितलीस का?" मासाए म्हणाली. "आईंकडून बांधून घेतली. म्हटलं, धाकटीच्या घरी जायचंय, हात आईंचाच लागू दे."

फुमियोने गाठ बघितली. दोन्ही पाकळ्या एका मापाच्या, टोकं किंचित वर. असा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. नळकांड्याचं तिला काही वाटलं नसतं, मासाएकडून याहून वेगळं काय यायचं. पण सासूबाईंनी ते आपल्या हाताने बांधून दिलं, हे तिला आत कुठेतरी फार लागलं.

"मोठी काकू," चिनात्सु दारात येऊन म्हणाली, "सुरगाठ म्हणजे हा प्रसंग पुन्हा पुन्हा येवो, असंच ना?"

"म्हणजे काय. नवं घर ही आनंदाची गोष्ट. ओढली की सुटते, पुन्हा बांधता येते. निरगाठ लग्नाला, नाहीतर आजारातून उठल्यावर. एकदा झालं, पुन्हा नको, अशा गोष्टींना. सेकिजिमांची नात तू, हे मी सांगायला हवं का?"

"तसं नाही. नळकांड्याला सुरगाठ बघून जरा विचारात पडले."

"चिनात्सु," फुमियो म्हणाली, आणि मासाएपुढे वाकली. "फार विचार करून आणलंत, ताई. आभारी आहे."

मग मासाएने घर बघितलं. सुताराने खांब बरा निवडलाय म्हणाली. खिडक्या मोठ्या आहेत, पुसायला त्रास होईल म्हणाली. बैठकीच्या खोलीत येऊन तिने दोन्ही हात एकमेकांवर चोळले. "गार आहे मात्र. स्टोव्ह नाही ठेवलास? शहाणपणच केलंस म्हणायचं. त्या वेळी..."

आणि थांबली. सगळ्यांच्या नजरा जिथे वळायच्या तिथे वळल्या.

"चटई नवी आहे, वहिनी," तात्सुओ म्हणाला. "नवी चटई गार लागते जरा."

चिनात्सुने बापाकडे असं काही बघितलं, की दुसरा कुणी असता तर पाणी प्यायला उठून गेला असता. तात्सुओ तिथेच बसून राहिला.

तेवढ्यात फाटकाशी टॅक्सी थांबली.

सासूबाई, तोमेबाई, एक्याऐंशीच्या. अंगावर कुळाचं चिन्ह असलेला करडा किमोनो, जो त्या लग्नाकार्यालाच काढत. दोन्ही हातांनी पोटाशी एक जांभळं रेशमी बोचकं धरलेलं. ड्रायव्हर मागे मागे धावत होता, बोचकं द्या म्हणत होता, त्या ऐकत नव्हत्या. फुमियोने पुढे होऊन हात केला.

"हात लावू नकोस," तोमेबाई म्हणाल्या. "जड आहे."

उंबऱ्याशी त्या क्षणभर थांबल्या. मग आत आल्या. आल्या एकदाच्या, असं फुमियोच्या मनात आलं. मानाच्या जागी, कोनाड्यासमोर, तिने नवं आसन घातलं होतं. सासूबाई तिकडे गेल्याच नाहीत. दाराजवळ, जिथे घरातली सगळ्यात धाकटी माणसं बसतात, तिथे त्या बसल्या.

"आई, इकडे वर बस ना," शिगेकाझु म्हणाला.

"माझी जागा मला कळते."

त्यांनी नमस्कार केला. रुमाल सोडला, खोकं काढलं, घडी घातली, खोकं वळवलं, दोन्ही हातांनी पुढे सरकवलं. सगळं रीतसर. फक्त गाठ बघून मासाएच्या तोंडचा रंग उडाला.

"आई, अहो ही निरगाठ आहे."

सेकिजिमांच्या घरातून नव्या वास्तूला निरगाठ जावी, म्हणजे न्हाव्याने लग्नाच्या दिवशी नवरदेवाची अर्धीच दाढी करावी तसं होतं. बाहेर कळलं असतं तर गावाने वर्षभर चघळलं असतं.

"फुमियो, मनावर घेऊ नकोस हं," मासाए घाईघाईने म्हणाली, आणि या वेळी तिच्या आवाजात खरंच टोचणी नव्हती. "वय झालं. दोन्ही गाठी समोर असतील, एकीच्या जागी दुसरी..."

"बहात्तर वर्षं गाठी बांधतेय मी," तोमेबाई म्हणाल्या. "नऊ वर्षांची होते तेव्हापासून. फुमियो, उघड."

"इथे? तुमच्यासमोर?"

"माझ्यासमोर. सगळ्यांसमोर."

निरगाठ ओढून सुटत नाही. चिनात्सु कात्रीकडे वळली तशी मासाए म्हणाली, "नव्या घरात भेटीला कात्री लावायची नाही गं." फुमियोने दोरी खोक्याच्या एकेका कोपऱ्यावरून सरकवत काढली. गाठ जशीच्या तशी राहिली. कागद निघाला, झाकण निघालं, आणि आत एक लोखंडी किटली होती. काळी, जुनी, चुलीवर ठेवायची.

आता मात्र शिगेकाझुचा चेहरा लाल झाला. "आई, हे बरं नाही केलंस." बायकोने पढवलेलं हे वाक्य नव्हतं, ते सगळ्यांना कळलं. "नव्या घराला चुलीवरची वस्तू? आणि हिच्या घराला? चौदा वर्षं झाली. पोरीने तोंडातून ब्र न काढता एवढं उभं केलं, आणि तू तिच्या दारात येऊन..."

"दादा," तात्सुओ म्हणाला.

"नाही, आज मला बोलू दे."

फुमियोला त्यातलं अर्धं ऐकूच आलं नाही. दिराने आपली बाजू घेतली, हे एरवी तिने वर्षभर जपून ठेवलं असतं. तिच्या हातात किटली होती. म्हणजे सासूबाईंनी इतकी वर्षं जे तोंडाने म्हटलं नाही, ते आज वस्तू देऊन म्हटलं, असं तिला वाटलं. मग तिने किटली जराशी फिरवली. पोटावर उठावात घडवलेला करकोचा होता आणि त्याची चोच घासून नाहीशी झालेली होती.

ही किटली तिने सून म्हणून आल्यापासून रोज बघितली होती. सासूबाईंच्या खोलीत असायची. घरातल्या थोरल्या सुनेकडे जायची, तिने पुढच्या थोरल्या सुनेला द्यायची. आगीनंतर सासूबाई म्हणाल्या होत्या, ढिगाऱ्यात गेली.

"ही तर जळली होती," फुमियो म्हणाली.

"जळली नव्हती. मी लपवली होती." तोमेबाईंनी हात मांडीवर ठेवले. "त्या रात्री तू गेल्यावर मी वाळवायच्या खोलीत गेले. सकाळी लग्नाची मोठी ऑर्डर जायची होती, दोऱ्या ओलसर होत्या. मी स्टोव्ह पेटवला. खोली फार कोरडी पडली तर दोऱ्या तडकतात, म्हणून माझ्या खोलीतली किटली आणून वर ठेवली. तेवढ्यात ह्यांना खोकल्याची उबळ आली, मी त्यांच्याकडे गेले, पाठ चोळत बसले. आणि विसरले."

तोमेबाईंनी रुमालाची घडी पुन्हा सारखी केली.

"सकाळी राखेत किटली स्टोव्हवर जशीच्या तशी बसलेली होती. कुणी बघितली असती तर पहिलं हेच विचारलं असतं, की सासूची किटली इथे कशी आली. म्हणून मी ती उचलली, अंगातल्या कोटाखाली घातली. आधी वाटलं, चार दिवसांनी सांगेन. मग हे गेले. ते जाताना तुझं नाव घेऊन गेले, तेव्हाही मी गप्प बसले. पुढे गप्प बसायची सवय झाली. सोपं होतं ते. तू काही बोलत नव्हतीस."

"आई," शिगेकाझु म्हणाला.

"मग आज का?" हे चिनात्सुने विचारलं.

तोमेबाईंनी मासाएकडे बघितलं. रागाने नाही. "हिने परवा ते पांढरं नळकांडं आणून दिलं. म्हणाली, सुरगाठ बांधा. मी बांधली. इतकी सुरेख गाठ बांधली, हात जरासुद्धा थरथरला नाही. त्या न थरथरलेल्या हाताची मला लाज वाटली."

मासाए खाली बघत होती.

"मी विझवला होता," फुमियो म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखीचा वाटेना. "स्टोव्ह. मी जाताना विझवला होता."

"विझवला होतास. मी हात लावला तेव्हा पार गार झाला होता. गार लोखंड होतं, फुमियो. ते माझ्या हाताला अजून आठवतं."

आणि एक्याऐंशी वर्षांच्या सासूने दोन्ही तळवे चटईवर टेकवले आणि कपाळ टेकेपर्यंत वाकून सुनेची क्षमा मागितली. पाठोपाठ शिगेकाझु वाकला. मग, जरा उशिरा, मासाएसुद्धा.

फुमियोला रडू यायला हवं होतं. आलं ते हसू. आधी नुसतं ओठांत, मग थांबेचना. चौदा वर्षं जो दगड छातीवर घेऊन ती झोपत होती, तो तिचा नव्हताच. तिने विझवला होता. तिच्या हातांनी कधी दगा दिलाच नव्हता. तिने वाकून सासूबाईंचे खांदे धरले आणि उठवलं, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले.

"निरगाठ चुकून नाही बांधली मी," तोमेबाई डोळे पुसत म्हणाल्या. "तुला घर एकदाच बांधायला लागावं. पुन्हा नाही."

"पण आई," मासाए हळूच म्हणाली, "ती किटली रीतीप्रमाणे माझ्याकडे यायची होती."

"म्हणून तर सगळ्यांसमोर दिली."

यावर तात्सुओ एकदम मोठ्याने हसला. त्याला असं हसताना पोरीने जन्मात बघितलं नव्हतं. "अहो ऐकलंत का," तो बायकोला म्हणाला, नेहमी ती त्याला म्हणायची तसं, "तहान लागली आहे मला. नव्या किटलीतलं पाणी मिळेल का?"

फुमियो उठली. किटली धुतली, भरली, शेगडीवर ठेवली. मिठात घातलेल्या चेरीच्या फुलांची बरणी आधीच काढून ठेवलेली होती, शुभकार्याला चहाऐवजी गरम पाण्यात तीच सोडायची. थर्मासातलं पाणी तिने मोरीत ओतून दिलं. मग बटण दाबून फिरवलं. नव्या घरातली पहिली आग निळी निळी पेटली, आणि ती तिथेच उभी राहून बघत राहिली. भीती वाटली नाही. खोलीत हळूहळू ऊब आली.

पहिला पेला सासूबाईंना दिला. पाण्यात फूल उमललं. तोमेबाईंनी घोट घेतला आणि म्हणाल्या, "लोखंडाची चव अजून तीच आहे." दुसरा पेला फुमियोने मासाएपुढे ठेवला.

मासाएने पेल्याला हात लावला नाही. "ते नळकांडं," ती म्हणाली, "मी परत नेते."

"छे, ताई. आता घरात चूल पेटली, म्हणजे ते हवंच. शेगडीशेजारी टांगणार आहे मी." फुमियोने खोकं उचलून तिच्यासमोर ठेवलं, तोंड बरोबर तिच्याकडे वळवून, दोन्ही हातांनी. "फक्त ती सुरगाठ तेवढी तुमच्या हाताने ओढा."

मासाए पुढे सरकली. मग तिने दोरीचं टोक धरून ओढलं. इतकी सुरेख गाठ, एका ओढीत सुटली. "सोबा आणा आता," ती जरा वेळाने म्हणाली. "नाहीतर गोळा होईल त्याचा." आणि ताटल्या मांडायला स्वतः उठली.

तीनच्या उन्हात मंडळी निघाली. शिगेकाझुने दारात पुन्हा दोनदा नमस्कार केला. जाताना तो तात्सुओच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलला. घरात कोनाड्याच्या खांबाला ती निरगाठ चिनात्सुने एका खिळ्यावर अडकवून ठेवली होती, आणि तोमेबाई, आता मानाच्या जागी बसलेल्या, तिच्याकडे बघत होत्या. त्या आठवडाभर इथेच राहणार होत्या. कुणी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं होतं.

"फुमियो," त्यांनी आतून हाक मारली. "झाडावरची पर्सिमॉनं उतरवायची राहिलीत वाटतं. ऊन आहे तोवर चल."

फुमियोने शेगडीचं बटण फिरवलं. ज्योत गेली. तिने हात पुसले, टोपली घेतली आणि दाराकडे निघाली. चिनात्सु ओट्याला टेकून उभी होती. आईच्या मागे फिरण्याची, बटण दाबून बघण्याची वाट बघत होती.

"आई, शेगडी बघितलीस का?"

"विझवलीय मी," फुमियो म्हणाली, आणि मागे वळूनही न बघता उन्हात गेली.